मांजराच्या केसांसाठी घरचं खाणं: आधी तपासणी, मग तराजू, मग चूल

गावाकडच्या मांजराचं ताट ठरलेलं असतं. सकाळी दूध-पोळी, दुपारी उरलेला वरण-भात आणि घरात कोंबडी शिजली त्या दिवशी रश्शातली हाडं. केस रखरखीत झाले, पाठीवर कोंडा दिसू लागला की कोणीतरी सांगतं, "कोंबडी उकडून घाल." घरचे कोंबडी उकडतात, पाणी मोरीत ओततात आणि मांस वाडग्यात घालतात. महिनाभर केस बरे दिसतात, मग पुन्हा बिघडतात. कारण मांजराला हवं असलेलं बरंचसं त्या मोरीत गेलेल्या पाण्यात, कोंबडीवाल्याकडेच राहिलेल्या दिलात आणि उकिरड्यावर टाकलेल्या अंड्याच्या टरफलात होतं.

केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. मांजर रोज जेवढं प्रथिन खातं, त्यातलं ३० टक्क्यांपर्यंत कातडी आणि केसांवरच खर्च होऊ शकतं. ते कमी पडलं की शरीर हृदय, यकृत, स्नायू आधी सांभाळतं आणि केसांना शेवटी देतं. शिवाय टॉरिन नावाचं अमिनो आम्ल मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही. गाजर आणि कोहळं, म्हणजे लाल भोपळा, यांतल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्वही बनवता येत नाही आणि उन्हात बसून ड जीवनसत्त्वाची गरज भागत नाही. हे सगळं प्राण्यांच्या मांसातून, कलेजीतून, अंड्यातून, मासोळीतूनच यावं लागतं. पोळी-भाताने पोट भरतं, एवढंच.

खालची कृती एक वर्षावरच्या, निरोगी मांजरासाठी आहे. पिल्लं, गाभण किंवा दूध पाजणारी भाटी आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेलं मांजर यांचं प्रमाण वेगळं असतं. ते पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्या.

## टप्पा १: चूल पेटवण्याआधी मांजर तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग दोन महिने खाण्याला दोष देत बसतात. केस बिघडण्याचं कारण पिसवा, खरूज किंवा गजकर्ण असेल तर कितीही चांगलं खाऊ घातलं तरी फरक पडणार नाही.

पिसवांसाठी सोपी परीक्षा आहे. मांजराला पांढऱ्या ओल्या फडक्यावर उभं करा आणि शेपटीच्या बुडाजवळचे केस बारीक कंगव्याने उलटे विंचरा. फडक्यावर काळे कण पडले आणि दोन मिनिटांत त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर डाग तांबूस होत नाही. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे चिकटलेले दिसले तर पट्टकृमी आहेत. तेही बहुधा पिसवांमुळेच येतात, तेव्हा जंताचं औषध आणि पिसवांचा बंदोबस्त एकाच वेळी करा.

कानाच्या कडांवर जाड खपल्या असतील तर खरूज. गोल टक्कल आणि कडेला तुटके केस असतील तर गजकर्ण, आणि ते घरातल्या पोरांनाही होतं. दोन्हींत आधी दवाखाना. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथे निभलं नाही तर नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवता येतं.

सावधान: बैल-गाईंसाठी आणलेलं गोचिडाचं औषध पाण्यात कालवून मांजराला लावू नका. कुत्र्याचं पिसवांचं औषधही नको. त्यातल्या परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ यांसारख्या औषधांनी मांजराला झटके येतात आणि ते दगावतं. रॉकेल आणि कडुलिंबाचं तेलही लावायचं नाही. मांजर अंग चाटतं, म्हणजे अंगावर लावलेलं सगळं पोटात जातं.

## टप्पा २: सामान आणि वजन

साडेतीन-चार किलोच्या एका मांजराला हे प्रमाण साधारण सहा दिवस पुरतं. अंदाजपंचे नको. स्वयंपाकघरातला छोटा तराजू नसेल तर कोंबडीवाल्याकडूनच प्रत्येक जिन्नस वेगळा तोलून आणा.

- कोंबडीची मांडी, हाड काढून: ७०० ग्रॅम, थोड्या कातडीसकट
- कोंबडीचं हृदय, म्हणजे दिल: १०० ग्रॅम
- पेठा, म्हणजे कोंबडीची पोटाची जाड पिशवी: ५० ग्रॅम
- कोंबडीची कलेजी: ५० ग्रॅम
- अंडी: २, पूर्ण उकडलेली
- कोहळं, उकडून कुस्करलेलं: ५० ग्रॅम
- अंड्याच्या टरफलाची भुकटी: १ सपाट चहाचा चमचा, साधारण ६ ग्रॅम
- टॉरिन: २००० मिलीग्रॅम, म्हणजे ५०० च्या ४ कॅप्सूल
- ई जीवनसत्त्व: २०० मिलीग्रॅमची १ कॅप्सूल
- आयोडीनयुक्त मीठ: पाव चहाचा चमचा

मांडीच का, छाती का नाही? मांडीच्या गडद मांसात छातीपेक्षा टॉरिन जास्त असतं, चरबीही बरी असते, आणि कोंबडीच्या चरबीत मांजराच्या कातडीला लागणारं लिनोलेइक आम्ल मिळतं. हाडासकट मांड्या घेतल्या तर साधारण १ किलो १०० ग्रॅम आणाव्या लागतात, पण तोलायचं ते हाड काढल्यावर.

गावरान कोंबडी घालायला हरकत नाही. ती बॉयलरपेक्षा कमी चरबीची आणि चिवट असते. शिजायला जास्त वेळ द्या आणि एक किलोमागे एक चमचा करडईचं किंवा सोयाबीनचं तेल घाला. बोकडाचं मटण वापरलं तरी हे तेल हवंच, कारण त्याच्या चरबीत लिनोलेइक आम्ल फार थोडं असतं.

कलेजी हा मोह पाडणारा जिन्नस आहे. मांजर तिच्यावर तुटून पडतं, स्वस्तही असते, म्हणून घरचे रोज नुसती कलेजीच घालू लागतात. कलेजीतलं अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं. काही महिन्यांनी मान आखडते, मांजराला स्वतःचं अंग चाटता येत नाही आणि केस आणखीच गुंततात. किलोला ५० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. बोकडाची कलेजी असेल तर २५ ग्रॅम पुरे. कलेजी घालत असताना कॉड लिव्हर तेल वेगळं देऊ नका.

टॉरिन मोठ्या औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. डबीवर फक्त टॉरिन लिहिलेलं बघून घ्या. एनर्जी ड्रिंकमध्येही टॉरिन असतं, पण त्यात कॅफीन असतं आणि ते मांजराला विषारी आहे.

आयोडीन, जस्त, मँगनीज आणि ब-१ जीवनसत्त्व हे घरच्या कृतीत हमखास कमी पडतात. महिन्याभरापेक्षा जास्त काळ फक्त हेच खाऊ घालणार असाल तर ही यादी पशुवैद्यकाला दाखवून मांजरांसाठीचं जीवनसत्त्व-खनिज मिश्रण लिहून घ्या. त्यातही टॉरिन, कॅल्शियम किंवा ई असेल तर वरच्या यादीतलं तेवढं कमी करावं लागतं, तेही तेव्हाच विचारा. गोठ्यातलं मिनरल मिक्श्चर चिमूटभर टाकून काम भागत नाही. ते जनावरांच्या गरजेनुसार बनवलेलं असतं.

यात नाही म्हणजे नाही: कांदा, लसूण, त्यांची पूड किंवा वाटण, तिखट, मनुके, चॉकलेट. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. सावजी रश्शातली फोड धुऊन दिली तरी मसाला मांसात मुरलेलाच असतो. घरच्या भाजीसाठी कोंबडी शिजवायची असेल तर मांजराचा वाटा फोडणीच्या आधीच बाजूला काढा.

## टप्पा ३: टरफलाची भुकटी

मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. हा तोल सांभाळला नाही तर मांजर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढतं. म्हणून भुकटी हा वरून घालायचा मसाला समजू नका, ती कृतीचा भाग आहे. एका अंड्याचं टरफल साधारण एक किलो मांसाला पुरतं.

टरफलं धुवा, दहा मिनिटं खळखळ उकळा आणि कडक उन्हात दिवसभर वाळवा. पावसाळ्यात तव्यावर मंद आचेवर कोरडी करा, पण तांबूस होऊ देऊ नका. बोटांनी मोडल्यावर कडकन आवाज आला की ती पूर्ण सुकली. मग मिक्सरच्या छोट्या भांड्यात दोन-तीन वेळा थांबत थांबत फिरवा आणि पातळ सुती कापडातून चाळा.

तपासा: चिमूटभर भुकटी अंगठा आणि तर्जनीत चोळा. पिठीसाखरेसारखी लागली तर झाली. रव्यासारखी खरखर लागली तर पुन्हा फिरवा. जाडी भुकटी नीट पचत नाही आणि आतड्याला टोचते. कोरड्या बरणीत ती दोन महिने टिकते, तेव्हा एकदम दहा-बारा टरफलांची करून ठेवा.

## टप्पा ४: शिजवणं

कच्चं मांस घालू नका. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने दगावले. त्यानंतर शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही हा विषाणू सापडला. मांजरवर्गाला हा रोग होतो आणि तो संसर्गित पक्ष्यांच्या कच्च्या मांसातून जाऊ शकतो. खुराड्यातली मेलेली कोंबडी तर कोणत्याच रूपात मांजरापुढे टाकू नये. नीट शिजवल्यावर हा धोका उरत नाही.

क्रम असा ठेवा. मांडीचे दोन बोटं रुंदीचे तुकडे करा. जाड बुडाच्या गंजात एक कप पाणी घ्या, त्याहून जास्त नको. पाण्याला उकळी आली की आधी पेठा टाका, कारण तो चिवट असतो. झाकण ठेवून पंधरा मिनिटं. मग दिल आणि मांडी टाकून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, अधूनमधून हलवत. शेवटची पाच मिनिटं कलेजी. कलेजी आधी टाकली तर ती विरघळून तळाला चिकटते.

पाणी कमी ठेवायचं कारण टॉरिन पाण्यात उतरतं. जेवढं पाणी जास्त, तेवढं ते मांसातून बाहेर येतं. म्हणून उरलेला अर्धा-पाऊण कप रस खाण्यातच परत घालायचा. तो चमचाभरही फेकायचा नाही.

तपासा: सगळ्यात जाड तुकडा मधोमध कापा. आत गुलाबी नको आणि दाबल्यावर येणारा रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस बघा.

हाडासकट शिजवलं असेल तर आता हात धुऊन एकेक तुकडा चिमटीत दाबून हाड काढा. शिजलेलं कोंबडीचं हाड उभं फुटतं, त्याच्या टोकदार चिपा होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

## टप्पा ५: कालवणं

इथे घाई नडते. गंज उतरवल्या उतरवल्या कॅप्सूल फोडून टाकल्या की उष्णतेने ई जीवनसत्त्वासारखे नाजूक घटक खराब होऊ लागतात. मांस आणि रस परातीत पसरून थंड होऊ द्या. बोटाची पाठ लावल्यावर कोमट लागलं की पुढे जा.

मांस मिक्सरमध्ये जाडसर फिरवा. गुळगुळीत पेस्ट केली तर पुष्कळ मांजरं नुसती चाटून सोडून देतात. त्यात उकडलेली अंडी आणि कोहळं कुस्करा. अंड्याचा पांढरा भाग कच्चा नको. त्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतं, आणि बायोटिन कमी पडलं की केस गळतात, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप चालला आहे तेच उलटं होतं.

आता वाटीत दोन-तीन चमचे कोमट रस घ्या. त्यात टॉरिनच्या चारही कॅप्सूल उघडा, टरफलाची भुकटी आणि मीठ घाला, ई ची कॅप्सूल टोचून पिळा आणि ढवळा. हे पाणी सगळ्या मांसावर शिंपडून दोन मिनिटं हाताने कालवा. कोरडी पूड सरळ टाकली तर ती एका कोपऱ्यात बसते. मग एका दिवशीच्या वाट्यात सगळं टॉरिन आणि उरलेले पाच दिवस काहीच नाही, असं होतं.

## टप्पा ६: वाटे आणि साठवण

सगळा कालवलेला माल तोला. साडेतीन-चार किलोच्या मांजरासाठी सहा समान वाटे करा, तीन किलोच्या मांजरासाठी सात. एक वाटा म्हणजे एका दिवसाचं खाणं, दोन किंवा तीन वेळांत विभागून. दबा धरून उंदीर मारणाऱ्या आणि वावरात हिंडणाऱ्या बोक्याला थोडं जास्त लागेल, पण ते वजन बघून ठरवा.

फ्रिजमध्ये दोन दिवस, बर्फाच्या खणात तीन आठवडे. लोडशेडिंग असलेल्या गावात बर्फाच्या खणाचा भरवसा धरू नका. वाटे छोट्या डब्यांत एकमेकांना चिकटवून ठेवा, तसे ते जास्त वेळ गोठलेले राहतात. बोटाने दाबून मऊ लागलेला डबा त्याच दिवशी संपवा, परत गोठवू नका.

फ्रिज नसेल तर रोजचं रोज करा: साधारण ११५ ग्रॅम मांडी, १७ ग्रॅम दिल, दोन छोटे तुकडे पेठा-कलेजी, अर्ध्याहून कमी अंडं, भुकटी चमच्याचा सहावा-सातवा भाग, टॉरिनची दोन-तृतीयांश कॅप्सूल. ई ची कॅप्सूल आठवड्यातून एकच.

एप्रिल ते जून पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा वाडग्यात वाढलेलं खाणं वीस मिनिटांत उचला. मुंग्या लागत असतील तर वाडगं पाणी भरलेल्या उथळ ताटात ठेवा. पाण्याचं मातीचं भांडं खाण्यापासून दूर, सावलीत असू द्या. मांजराला खाण्याशेजारचं पाणी फारसं आवडत नाही आणि कमी पाणी प्यालेल्या बोक्याची लघवी अडण्याची भीती असते.

## टप्पा ७: मासोळी आणि तेल, वेगळ्याने

ओमेगा-३ या स्निग्ध आम्लांमुळे कातडीची जळजळ आणि कोंडा कमी व्हायला मदत होते. आपल्याकडे घरोघरी जवस असतं, म्हणून जवसाचं तेल किंवा चटणीची पूड घालण्याचा सल्ला सर्रास मिळतो. माणसाला ते चांगलं आहे. मांजराचं शरीर मात्र जवसातल्या ओमेगा-३ पासून त्याला हवं असलेलं रूप जवळपास बनवू शकत नाही. ते मासोळीतूनच मिळवावं लागतं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांतली रोहू, कतला ताजी मिळते. आठवड्यातून एक-दोनदा, एका वेळी ४० ते ५० ग्रॅम, त्या दिवशीच्या वाट्यातून तेवढं कमी करून द्या. रोहू-कतल्याला मांसात दडलेले इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे असतात आणि शेपटीकडे ते जास्त. पोटाकडचा तुकडा घ्या, तिथे चरबीही जास्त असते. मरळीत असे दडलेले काटे नसतात, म्हणून नवशिक्यांनी तीच घ्यावी. मासोळी पूर्ण शिजवा. रोहूच्या जातीच्या कच्च्या मासोळीत ब-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, तो शिजवल्यावर निकामी होतो.

रोज नुसती मासोळी हीसुद्धा चूक आहे. ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजते, मांजर पाठीवर हात लावू देत नाही आणि केस तेलकट-मळकट होतात.

मासोळी मिळत नसेल तर माशाच्या तेलाची १००० मिलीग्रॅमची कॅप्सूल एक दिवसाआड, वाढताना टोचून खाण्यावर पिळा. आधी वास घ्या. खवट, जुन्या रंगासारखा वास आला तर टाकून द्या. पातळ शी झाली तर तेल अर्ध्यावर आणा.

## टप्पा ८: ताट बदलणं

पहिले तीन दिवस जुन्या खाण्यात पाव हिस्सा नवं, पुढचे तीन दिवस निम्मं, मग पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. दूध-भातावर वाढलेलं मांजर असेल तर दूध आधी कमी करा. मोठ्या मांजराला बहुधा ते पचत नाही आणि पोट बिघडलं की दोष नव्या खाण्यावर येतो. भात शेवटी सोडवा.

तोंड फिरवलं तर बाजारातली सुकट दोनदा धुऊन मीठ काढा, तव्यावर भाजून पूड करा आणि चिमूटभर वरून टाका. वाढण्याआधी खाणं कोमट करा, वासावर मांजर येतं.

सावधान: "भूक लागली की खाईल" हा नियम मांजराला लावू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं. एक दिवस काहीच खाल्लं नाही तर जुनं खाणं परत द्या आणि दवाखान्यात विचारा.

## टप्पा ९: फरक कधी आणि कुठे बघायचा

सहा ते आठ आठवडे धीर धरा. गळालेला किंवा रखरखीत झालेला केस दुरुस्त होत नाही, नवा उगवावा लागतो. शी मात्र दहा-बारा दिवसांतच घट्ट आणि कमी होते, ती पहिली खूण. दर पंधरवड्याला मांजर कापडी पिशवीत घालून काट्यावर तोला. फासळ्या हाताला लागाव्यात, पण दुरून दिसू नयेत.

काळ्या मांजराकडे नीट बघा. केस तांबूस झाले असतील तर ते दरवेळी उन्हानेच होतं असं नाही. काळा रंग बनवायला लागणारी टायरोसिन, फेनिलॲलानिन ही अमिनो आम्लं किंवा तांबं कमी पडलं तरी काळा केस तपकिरी होतो. पाठीवरचे केस फुंकर मारून दुभंगवा. टोक तांबूस पण कातडीलगतचा अर्धा सेंटिमीटर कुळकुळीत काळा दिसला, तर नवा केस पोसून येतो आहे. मुळापासूनच तांबूस असेल तर मांसाचा आणि दिल-कलेजीचा वाटा खरंच पोटात जातो आहे का ते तपासा. बऱ्याच घरांत तो वाटा शेजारचा बोका खाऊन जातो, म्हणून मांजर जेवेपर्यंत जवळ थांबा.